साठ डावे तुकडे

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा आहे. इंग्रजी ‘एल’सारखा. उभा पाय ६० मिलिमीटर, आडवा पाय ४०, रुंदी ५०, जाडी ६. उभ्या पायात एक आरपार भोक, कडेपासून १२ वर. फिनिश चांगलं आहे, कडा साफ आहेत, वर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकपट्टी) लावला तर एकूण एक माप बरोबर येतं. फक्त ते भोक ज्या कडेपासून १२ वर हवं होतं, तिच्या समोरच्या कडेपासून १२ वर पडलंय. असे ६० नग आम्ही केले होते. ५९ भंगारवाल्याच्या काट्यावर गेले. हा एक मी ठेवून घेतला.

गाळा बाबांचा. धातू कापायची आणि भोकं पाडायची मशीनं आहेत: दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि एक बँडसॉ. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी तिथे बसायला लागले. मी बी.कॉम. आहे. चलनं, बिलं, जीएसटी, मटेरियल मागवणं, पार्टीला फोन करणं हे सगळं मला जमत होतं. ड्रॉइंग आलं की मी प्रिंट काढून मिस्त्रींच्या हातात द्यायची. त्या कागदावर काय आहे हे मला कळायची गरज आहे असं कधी वाटलंच नाही, कारण कळणारे बाबा होते आणि मिस्त्री होते.

त्या आठवड्यात बाबा घरी होते. बाहेरच्या देशातून आलेलं ड्रॉइंग पार्टीने ई-मेलवर पाठवलं होतं. शीट ए३ आकाराची, आमचा प्रिंटर ए४चा. मी प्रिंट काढली, उजवीकडची आणि खालची थोडी पट्टी कापली गेली. मधलं चित्र पूर्ण आलं होतं, आकडे वाचता येत होते, म्हणून मी ती तशीच दिली. मिस्त्री कागद घेऊन परत आले होते. “ताई, भोक ह्या बाजूला धरायचं ना?” त्यांनी बोट ठेवलं. मी पाहिलं. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. मी म्हटलं, “हो मामा, आहे तसंच करा.”

पार्टीच्या माणसाने पहिला नग उचलला, त्याच्याजवळच्या प्लेटवर धरला, उलटा करून धरला, मग आडवा. कसाही फिरवला तरी बसेना. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात जात नाही, तसं. आम्ही आमच्या खर्चाने नवे ६० करून दिले. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच विचारलं, “कोपऱ्यातलं चिन्ह पाहिलं होतंस का?” कोपऱ्यात चिन्ह असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आणि ते नेमकं कापल्या गेलेल्या पट्टीत होतं.

हे मला जास्त लागलं त्याला एक कारण आहे. शाळेत माझी चित्रकला चांगली होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांना मला ए ग्रेड. स्थिरचित्रात तांब्याच्या कळशीवरची चकाकी मी अशी काढायची की बाई वर्गात फिरवायच्या. त्याच परीक्षेत कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखनाचाही पेपर असतो, इंटरमिजिएटला घनभूमिती असते. तो पेपर मी कसाबसा उरकायची, कारण रंगवायला काही नसायचं. ज्या कागदाने आमचे ६० तुकडे घालवले, तो त्या टाळलेल्या पेपराचाच भाऊबंद होता.

विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. आता ७९ वर्षांचे. कापडगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ३४ वर्षं ड्राफ्ट्समन, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंगं काढणारे, होते. लहानपणी त्यांच्याकडे आम्ही पतंगासाठी कागद मागायला जायचो, इतकीच ओळख. मी तो तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, “काका, मला ड्रॉइंग वाचायला शिकवाल?” त्यांनी तुकडा हातात फिरवला. म्हणाले, “वाचायला शिकवत नाही मी. काढायला शिकवतो. काढता आलं की वाचता येतंच.” काकूंनी चहा टाकला आणि त्याच संध्याकाळी सुरुवात झाली.

पहिला धडा पेन्सिलीला टोक करण्याचा. तीन पेन्सिली: कच्च्या रेषांना २एच, ठळक रेषांना एच, अक्षरांना एचबी. शार्पनरला हात लावायचा नाही. ब्लेडने लाकूड मागे सारायचं, शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं करायचं आणि मग ते पॉलिश पेपरवर घासायचं. अक्षरांच्या पेन्सिलीला शंकूसारखं टोक, रेषांच्या पेन्सिलीला छिन्नीसारखी चपटी धार. शंकूचं टोक चार रेषांत झिजतं आणि रेषा जाड होत जाते. चपटी धार जास्त वेळ टिकते, त्यामुळे पहिली रेषा आणि विसावी रेषा एकाच जाडीची येते. चित्रात मी नेमकं उलट शिकले होते. तिथे रेषा कुठे जाड, कुठे बारीक झाली की ती जिवंत वाटते. इथे जाडी बदलली की अर्थ बदलतो.

रेषेला अर्थ असतो, हे मला नवीन होतं. अखंड जाड रेषा म्हणजे समोर दिसणारी कड. बारीक तुटक रेषा म्हणजे कड आहे, पण मागे लपलेली. लांब तुकडा, मग छोटा ठिपका, पुन्हा लांब तुकडा अशी साखळी म्हणजे मध्यरेषा, जी वस्तूवर नसतेच, पण जिच्याशिवाय लेथवरचा टर्नर जॉब पकडू शकत नाही. अखंड बारीक रेषा मापांसाठी. तुटक रेषा कोपऱ्यात दुसऱ्या तुटक रेषेला भेटते तेव्हा रेघेनेच भेटायला हवी, तिथे मोकळी जागा पडता कामा नये. भोकाच्या मध्यरेषाही एकमेकींना लांब तुकड्यात छेदायला हव्यात. दोन रेषा एकाच जागी आल्या तर मान दिसणाऱ्या कडेचा, मग लपलेल्या कडेचा, मध्यरेषेचा सगळ्यात शेवटी. काका हे सांगताना अगदी घरातल्या मानपानासारखं सांगत.

तीन संध्याकाळी मी फक्त रेषा काढल्या. टी-स्क्वेअरचं, म्हणजे ‘टी’ आकाराच्या लांब पट्टीचं, डोकं बोर्डच्या डाव्या कडेला घट्ट टेकवायचं, खालच्या कडेला कधीच नाही, कारण बोर्डच्या दोन कडा एकमेकींशी अचूक काटकोनात असतीलच असं धरता येत नाही. उभ्या रेषेला टी-स्क्वेअरवर गुण्या ठेवायचा. शाळेच्या कंपास पेटीत दोन गुण्ये असतात, एक ४५ अंशांचा आणि एक ३०-६०चा. पाचवीपासून त्या पेटीतून मी पट्टी आणि कर्कटक सोडून काही काढलं नव्हतं. हे दोन गुण्ये एकमेकांना लावले की १५ आणि ७५ अंशही मिळतात, म्हणजे कोनमापकाला हात न लावता दर १५ अंशांवर रेषा. मी त्या रात्री एका वर्तुळात २४ आरे काढले आणि सगळे मधल्या बिंदूतून गेले तेव्हा काकांना दाखवायला परत खाली गेले. रात्रीचे साडेदहा वाजले होते. काकूंनी दार उघडलं आणि काही न विचारता आत घेतलं.

चौथ्या दिवशी काकांनी कपड्यांच्या साबणाची वडी घेतली, सुरीने तिला एक पायरी पाडली आणि समोर ठेवली. “काढ.” मी काढली. सवयीने उजेडाची बाजू हलकी ठेवली, पायरीच्या आत सावली भरली. साबण साबणासारखा दिसत होता. काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “छान आहे गं. आता मला सांग, पायरी किती खोल आहे?” मी माझ्याच चित्रात शोधत बसले. खोल दिसत होती, पण किती ते त्यात कुठेच नव्हतं. “वस्तू दिसते कशी ते तू काढलंस. मला ती आहे कशी ते पाहिजे. दूरची कड लहान दिसते म्हणून ती लहान नसते.”

म्हणून मग एका वेळी एकच बाजू. समोरून पाहायचं तेव्हा बाजू विसरायची, वरून पाहायचं तेव्हा उंची विसरायची. लिहायला सोपं आहे, पण डोळा ऐकत नाही. डोळ्याला सगळं एकदम पाहायची सवय असते. तीन दृश्यं वेगळी काढायची आणि मग ती कागदावर अशी मांडायची की एकातली उंची सरळ आडवी रेषा ओढून दुसऱ्यात नेता यावी, एकातली रुंदी सरळ खाली उतरवता यावी. मापं पुन्हा घ्यायचीच नाहीत, ती एका दृश्यातून दुसऱ्यात आपोआप चालत येतात.

आणि इथेच तो डाव्या-उजव्याचा घोळ आहे. काकांनी तो त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात समजावला. साबण एका स्टुलावर, मागे भिंत, खाली जमीन, उजवीकडे दुसरी भिंत. मी समोर उभी. समोरून दिसतं ते मागच्या भिंतीवर उमटलं असं समज. वरून दिसतं ते जमिनीवर उमटलं. डावीकडून दिसतं ते उजव्या भिंतीवर उमटलं. आता खोली उघडायची: जमीन खाली झुकव, उजवी भिंत उजवीकडे उलगड. म्हणजे कागदावर वरचं दृश्य खाली येतं आणि डाव्या बाजूचं दृश्य उजवीकडे. हा फर्स्ट अँगल, आपल्याकडे भारतीय मानकांत हाच धरतात. मग त्यांनी नातवाची मासे ठेवायची रिकामी काचेची टाकी आणली आणि साबण तिच्यात ठेवला. आता प्रत्येक काचेतून आत बघ आणि दिसतं ते त्याच काचेवर गिरव. वरची काच वर उचल, उजवी काच उजवीकडे उघड. वरचं दृश्य वर, उजवीकडचं उजवीकडे. हा थर्ड अँगल, अमेरिकेतली ड्रॉइंगं अशी असतात. दोन्ही बरोबर. दोन्हींत दृश्यं तीच, फक्त मांडणी वेगळी. पण वाचणाऱ्याने एकाला दुसरं समजून वाचलं की पुढचं मागे जातं, मागचं पुढे येतं, आणि आरशातली वस्तू तयार होते.

म्हणून कोपऱ्यात ते चिन्ह. एक कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या लहान तोंडाकडे असली तर थर्ड अँगल, मोठ्या तोंडाकडे असली तर फर्स्ट अँगल. हे पाठ करू नकोस, काका म्हणाले, विचार कर. दोन्ही वर्तुळं अखंड रेषेत दिसताहेत म्हणजे बघणारा लहान तोंडाकडून बघतोय. मग ते दृश्य त्याच बाजूला ठेवलंय की पलीकडे टाकलंय, एवढंच पाहायचं. मी ते नखाएवढं चिन्ह किती वेळ पाहत होते सांगता येणार नाही.

मग त्यांनी ते जुनं ड्रॉइंग आणायला सांगितलं. माझी कापलेली प्रिंट, चिन्हाशिवाय. “आता चिन्ह नाही असं धर. तरी सांग, उजवीकडचं दृश्य कुठल्या बाजूने काढलंय?” समोरच्या दृश्यात ‘एल’चा उभा पाय डावीकडे, आडवा पाय उजवीकडे गेलेला. शेजारच्या दृश्यात एक उभा आयत, त्यात भोकाचं वर्तुळ आणि खालून ६ मिलिमीटरवर एक आडवी रेषा. मी पाहत राहिले. ती रेषा म्हणजे आडव्या पायाची वरची कड. डावीकडून पाहिलं तर समोर उभ्या पायाची सपाट पाठ येते, ती कड तिच्यामागे लपते, रेषा तुटक हवी. कागदावर ती अखंड होती. म्हणजे पाहणारा उजवीकडून पाहत होता. म्हणजे थर्ड अँगल. चिन्ह कापलं गेलं होतं तरी उत्तर कागदावर होतं, मिस्त्रींनी ज्या जागी बोट ठेवलं होतं तिथून दोन बोटांवर.

मला रडू आलं त्या दिवशी. नुकसान तोवर जुनं झालं होतं. पण त्या अनोळखी माणसाने, कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून, एका रेषेच्या अखंड असण्यात मला सगळं सांगून ठेवलं होतं, आणि मी ते वाचलं नव्हतं.

त्यानंतर शिकणं वेगाने झालं. सेक्शन, म्हणजे वस्तू कापून दाखवलेलं दृश्य, काकूंच्या करंजीवर शिकले. बाहेरून करंजी सारखीच, आत सारण किती आणि पोकळी किती हे कापल्याशिवाय कळत नाही. कापली की सुरी जिथे जिथे प्रत्यक्ष लागली, तिथेच ४५ अंशांच्या बारीक तिरप्या रेषा मारायच्या, पोकळीत नाही. म्हणून सेक्शनमध्ये हे हॅचिंग पाहिलं की इथे धातू आहे हे लगेच कळतं. शाफ्ट (गोल दांडा), बोल्ट, रिब (आधाराची पातळ फासळी) मात्र लांबीत कापले गेले तरी हॅच करत नाहीत, नाहीतर पातळ रिब भरीव ठोकळा वाटेल.

मापं देणं मला सगळ्यात आवडलं, कदाचित आकड्यांत वाढले म्हणून. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे मिमी लिहायचं नाही. एक माप एकदाच द्यायचं. दोन ठिकाणी दिलं आणि पुढे बदल झाला तर एका जागी बदलतं, दुसऱ्या जागी राहून जातं, आणि कारागीर कुठलं खरं मानणार? लपलेल्या तुटक रेषेला शक्यतो माप जोडायचं नाही, ती कड जिथे दिसते तिथे द्यायचं. भोकांची अंतरं एकापासून दुसऱ्याचं, दुसऱ्यापासून तिसऱ्याचं अशी साखळीने दिली तर प्रत्येकातला थोडा थोडा फरक शेवटच्या भोकापर्यंत साठत जातो, म्हणून नेमकेपणा हवा असेल तिथे सगळी एकाच कडेपासून. माझी पहिली शीट काकांनी लाल पेन्सिलीने भरून टाकली आणि म्हणाले, “मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला बेरीज-वजाबाकी करायला लावू नकोस. ती तू टेबलावर बसून कर.” आमच्या गाळ्यात पंख्याचा वारा मशीनपर्यंत पोचत नाही. मे महिन्यात मिस्त्रींच्या कपाळावरून घाम कागदावर पडतो. ते वाक्य मला तिथे रोज आठवतं.

टॉलरन्सही, म्हणजे मापात चालणारा फरकही, तिथेच उमगला. २५ लिहिलं म्हणून कोणीच २५ करू शकत नाही. २४.९५ ते २५.०५ चालेल असं लिहिलं तर करता येतं, तपासता येतं आणि भावही सांगता येतो. मी कोटेशन काढायची तेव्हा हे आकडे बघतच नव्हते. ०.०२पर्यंत वाचणारा वर्नियर कपाटात होता आणि तो महाग का, हे मला बिलावरून माहीत होतं, कामावरून नाही.

कागदाच्या आकारांनी मला थक्क केलं. ए० म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की ए१, पुन्हा दुमडला की ए२, मग ए३, ए४. प्रत्येक वेळी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, कारण ते १ला दोनाच्या वर्गमुळाचं आहे. म्हणून ए३चं ड्रॉइंग ए४वर आणलं की सगळं सुमारे ७१ टक्के होतं, वाकडं होत नाही. ड्रॉइंगवरच्या अक्षरांच्या उंचीही त्याच पायऱ्यांनी चढतात: २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर. ए३वरचं ५चं अक्षर ए४वर ३.५चं होतं आणि पुन्हा ठरलेल्या उंचीतच बसतं. कोणी तरी एवढा विचार करून ठेवलाय! आणि लहान केलेल्या प्रिंटवर पट्टी ठेवून माप घेतलं तर १००च्या जागी ७१ भरतात, म्हणून ड्रॉइंग मोजायचं नाही, त्यावर लिहिलेला आकडाच खरा. आता ए३ शीट आली की मी घाटकोपरला जाऊन पूर्ण आकाराची प्रिंट काढून आणते.

काकांच्या काळात प्रिंट काढणं हे वेगळंच काम होतं. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचं, चुकलं तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची, तीही कागदाला भोक न पाडता. मग ते ट्रेसिंग खास कागदावर ठेवून उजेड द्यायचा आणि अमोनियाच्या वाफेत रेषा उमटवायच्या. त्या खोलीतून बाहेर येणाऱ्याचे डोळे लाल असायचे, काका सांगतात. त्याच्याही आधीची ब्लू प्रिंट १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधलेल्या रीतीतून आली: लोखंडाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवायचा. जिथे रेषेने ऊन अडवलं तिथे पांढरं, बाकी सगळं निळं. पेपरात कुठल्याही योजनेला ‘ब्लू प्रिंट’ म्हणतात, तो शब्द उन्हात धरलेल्या त्या कागदाचा आहे.

आणि दोन पाट्यांवर दोन दृश्यं मांडायची ही पद्धत बांधून काढली ती फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी, अठराव्या शतकात. किल्ल्याचा तट किती उंच ठेवला म्हणजे शत्रूच्या तोफेच्या नजरेत येणार नाही, हे लांबलचक आकडेमोडीऐवजी रेषांनी सोडवायची त्यांची रीत इतकी उपयोगी ठरली की ती बरीच वर्षं लष्करी गुपित म्हणून ठेवली गेली. १७९५ साली पॅरिसमधल्या व्याख्यानांतून ती सगळ्यांसाठी खुली झाली. शाळेत ज्या घनभूमितीच्या पेपरात मी मिनिटं मोजत बसायची, ते एकेकाळी कोणाला सांगायची परवानगी नव्हती.

मी घाटकोपरहून मेट्रोने साकीनाक्याला जाते. पूर्वी त्या दहा मिनिटांत मोबाइल बघायची. आता समोरची वस्तू घेऊन तिची तीन दृश्यं मनात मांडते. धरायची कडी, सीटखालचा ब्रॅकेट, दाराची पट्टी. असल्फा आलं की खिडकीतून टेकडीवरची रंगवलेली घरं दिसतात, छपरावर छप्पर चढलेलं. समोरून पाहताना ती एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखी वाटतात. मधल्या गल्ल्या, पायऱ्या, दोन घरांमधलं अंतर, काहीच कळत नाही. ते समजायला वरचं दृश्य लागेल. हजारो माणसांचं येणं-जाणं त्या न दिसणाऱ्या दृश्यात आहे, असं मला रोज वाटतं आणि मेट्रो पुढे जाते.

संगणकावर काढायलाही मी सुरुवात केली आहे. ऑटोकॅड १९८२पासून आहे, आणि फ्रीकॅडसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरंही आहेत. तिथे सगळं खऱ्या मापात काढायचं, प्रमाण छापताना ठरवायचं. वेग कितीतरी जास्त. पण काका म्हणाले ते पटलं, की पहिले सहा महिने बोर्डवरच काढ. पडद्यावर रेषा चुकीची असली तरी सुबक दिसते.

गेल्या महिन्यात त्याच पार्टीने पुन्हा तसेच ‘एल’चे ब्रॅकेट मागवले, या वेळी डावे आणि उजवे दोन्ही. मी ठरवलं की भोकासाठी ड्रिल जिग (नग धरून ड्रिलला नेमकी जागा दाखवणारा साचा) करायचा, म्हणजे दर नगाला खूण करावी लागणार नाही. त्याचं ड्रॉइंग मी काढलं. ए३ शीट, फर्स्ट अँगल, तीन दृश्यं आणि एक सेक्शन. खालच्या उजव्या कोपऱ्यात नावाचा चौकोन: मटेरियल, प्रमाण, तारीख, चिन्ह, ‘रेखाटन’, ‘तपासणी’. रेखाटनापुढे माझं नाव. तपासणीची जागा काकांनी माझ्या प्रत्येक शीटवर मोकळीच ठेवली होती. याही वेळी ते भिंगाने एक एक रेषा पाहत गेले. चाळीस मिनिटं. मग एचबी मागितली आणि त्या चौकोनात दोन अक्षरांत सही केली.

सकाळी मी शीट मिस्त्रींना दिली. त्यांनी ती मिलिंगच्या बाजूच्या पत्र्याला चुंबकाने लावली, एकदा वरून खाली पाहिली आणि ठोकळा पकडायला गेले. मी टेबलावर बिलं करत होते, पण कान तिकडेच होते. बारा वाजले, एक वाजला. कोणती बाजू, कुठून माप, काहीच विचारायला ते आले नाहीत. साडेतीनला मात्र आले. हात पुसत म्हणाले, “ताई, ब्रॅकेट आत सरकतो त्या तोंडाला चॅम्फर मारू का? धार आहे, नग घासेल.”

मी शीट पाहिली. धारेची कड तिरपी कापायचा तो चॅम्फर कुठेच नव्हता. माझ्याकडून राहिला होता आणि काकांच्या भिंगातूनही सुटला होता. “एक बाय पंचेचाळीस मारा मामा,” मी म्हटलं, आणि ते वळायच्या आत शीट काढून घेतली. टेबलावर ठेवून त्या कडेला बारीक रेषा ओढली, माप लिहिलं, रिव्हिजनच्या रिकाम्या तक्त्यात पहिली ओळ भरली: ए, चॅम्फर वाढवला, तारीख. मग ती परत पत्र्याला लावली. संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “मिस्त्रींनी सांगितलं का? मग त्यांचंही नाव लिही त्या ओळीत.”